फिट्झपॅट्रिक यांची दुसरी कारकीर्द नेमकी कधी सुरू झाली?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा सतरा वर्षांचा आहे, मेलबर्नमध्ये अठरा वर्षांखालच्या लीगमध्ये फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल, खेळतो, आणि येत्या नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, एखादा क्लब त्याला उचलेल असं प्रशिक्षक म्हणतात. त्याला बारावीनंतर शिक्षण थांबवायचं आहे. ‘पुढे काय?’ असं तुम्ही विचारलंत की तो माइक फिट्झपॅट्रिक यांचं नाव पुढे करतो. मेलबर्नच्या कार्लटन क्लबाचे कप्तान, नंतर मोठे उद्योजक, शेवटी अख्ख्या लीगचे अध्यक्ष. त्याच्या मते गणित सोपं आहे : आधी खेळ, त्यातून नाव, नावामुळे दारं उघडतात, मग धंदा. हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मूळची सांगलीची, शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर. गेली बावीस वर्षं मेलबर्नमध्ये पायाभूत सुविधांच्या गुंतवणुकीत काम करते. विमानतळ, वीजवाहिन्या, बंदरं, पाण्याच्या योजना यांची किंमत ठरवणं हे माझं रोजचं काम. फिट्झपॅट्रिक यांच्याशी माझी ओळख नाही. पण ज्या धंद्यावर माझं घर चालतं, तो या देशात उभा करणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत ते होते. त्यामुळे त्यांची वाट मला बाहेरून नाही, कामाच्या बाजूने दिसते. मुलाने माणूस अगदी योग्य निवडला आहे. त्याने क्रम तेवढा उलटा लावला आहे.

फिट्झपॅट्रिक १९५३ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात जन्मले. तिकडच्या राज्य लीगमध्ये ते सुबियाको क्लबकडून रकमन म्हणून खेळायचे. तुम्हाला आता हे माहीत असेल, पण तुमच्या घरी सांगलीसाताऱ्याकडचे कुणी हे वाचणार असतील तर सांगते : पंच मध्यावर चेंडू वर उडवतात, तेव्हा दोन उंच खेळाडू उडी घेऊन तो आपापल्या साथीदारांकडे ढकलायला झटतात. ते रकमन. १९७३ मध्ये सुबियाकोने अजिंक्यपद जिंकलं, १९२४ नंतर पहिल्यांदाच. त्या संघात विशीतले फिट्झपॅट्रिक होते. आणि त्याच काळात ते वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात इंजिनियरिंग शिकत होते, ऑनर्ससह.

१९७५ साली त्यांना ऑक्सफर्डला शिकण्यासाठीची र्‍होड्स शिष्यवृत्ती मिळाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला वर्षाला एकच र्‍होड्स शिष्यवृत्ती येते, त्यामुळे याचं वजन लक्षात घ्या. त्याच वर्षी ते मेलबर्नच्या कार्लटन क्लबकडून व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आजच्या एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या) आधीच्या रूपात, खेळायला लागले. म्हणजे बाविसाव्या वर्षी त्यांच्या हातात तीन गोष्टी होत्या : इंजिनियरिंगची पदवी, ऑक्सफर्डचा प्रवेश आणि देशातल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एकाची जर्सी. त्यांनी जर्सीसाठी ऑक्सफर्ड सोडलं नाही. शिष्यवृत्ती घेतली, तिकडे शिकून आले आणि पुन्हा कार्लटनकडून खेळले.

मुलाला सगळ्यात आधी हे दाखवा. निवृत्त झाल्यावर ‘आता काय करू’ म्हणून या माणसाने धंद्याकडे मोर्चा वळवला असं घडलेलं नाही. धंद्याला लागणारं शिक्षण मेलबर्नच्या पहिल्या सामन्याच्या आधीच अर्ध्याहून अधिक पार पडलं होतं.

खेळाडू म्हणून ते मोठेच होते, त्यात शंका नाही. कार्लटनसाठी १५० सामने आणि १५० गोल. रकमनसाठी ही गोलसंख्या फार चांगली आहे. तीन अजिंक्यपदं. १९७९ ची अंतिम लढत कॉलिंगवुडविरुद्ध फक्त पाच गुणांनी जिंकली. सीमारेषेवरून बाहेर जाणारा चेंडू वेन हार्म्सने झोकून देऊन मुठीने आत ढकलला, तो हाच सामना. चेंडू आधीच बाहेर गेला होता की नाही यावर इथल्या घराघरांत अजून वाद चालतो. १९८१ आणि १९८२ मध्ये फिट्झपॅट्रिक कप्तान होते, प्रशिक्षक डेव्हिड पार्किन. १९८१ मध्ये तिसऱ्या सत्रात कॉलिंगवुड २१ गुणांनी पुढे होता, आणि कार्लटन २० गुणांनी जिंकला. पुढच्या वर्षी रिचमंडला १८ गुणांनी हरवलं. १९८३ च्या मोसमानंतर, तिशीत, ते थांबले.

आता काळाचा मुद्दा, जो मुलाच्या गणितात अजिबात नाही. त्या वेळी मेलबर्नची फूटी पूर्ण वेळेची नोकरी नव्हती. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सराव, शनिवारी दुपारी सामना. खेळाडू दिवसा शाळेत शिकवायचे, बँकेत बसायचे, पोलिसात असायचे, नळजोडणीची कामं करायचे. आपल्याकडे एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे, महिंद्रा यांच्या संघांतून खेळणारे कबड्डीपटू आठवा. खेळ जिवापाड, पण पगार कंपनीचा आणि सेवापुस्तकात नोंद. कार्लटनच्या कप्तानाचं आयुष्य यापेक्षा फार वेगळं नव्हतं. खेळत असतानाच त्यांच्या दिवसाचा मोठा भाग खेळाबाहेर जायचा. खेळाबाहेरची माणसं, खेळाबाहेरची भाषा, कुणाच्या तरी हाताखाली काम करायची सवय, हे सगळं त्यांना न मागता मिळत होतं.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र बदललं. १९८६ च्या नोव्हेंबरात पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट झाला, १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ आले, खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा आली, १९९० मध्ये लीगचं नाव एएफएल झालं. पुढच्या दशकात खेळाडू हळूहळू पूर्ण वेळेचे झाले. तुमचा मुलगा ज्या लीगमध्ये जाऊ पाहतो, तिथे सकाळी आठला क्लबात हजर व्हायचं असतं. वजनांची खोली, सामन्याच्या चित्रफिती, फिजिओ, आहारतज्ज्ञ, बैठका. पैसा फिट्झपॅट्रिक यांच्या काळापेक्षा कित्येक पट आहे. पण क्लबाबाहेरचं जग त्या मुलाला आपसूक भेटत नाही, ते ठरवून शोधावं लागतं.

म्हणून ‘त्यांना जमलं, मलाही जमेल’ हे वाक्य तपासून घ्यायला हवं. आजच्या मुलाकडे पैसे जास्त आणि सुटे तास कमी आहेत.

आता धंद्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण ‘उद्योजक’ या शब्दामागे नेमकं काय होतं हे मुलाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्याला कदाचित हॉटेल, बूट-कपड्यांचा ब्रँड किंवा जाहिराती वाटत असतील. तसं काही नव्हतं.

खेळ थांबल्यावर फिट्झपॅट्रिक यांनी दहाएक वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली वित्तक्षेत्रात काम केलं, गुंतवणूक बँकांमध्ये. सीएस फर्स्ट बोस्टनमध्ये ते संचालकपदापर्यंत गेले. या दहा वर्षांवर त्यांच्याबद्दल लिहिणारे सहसा एक ओळ खर्च करतात. माझ्या मते ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची दहा वर्षं. तिशी ते चाळिशी. कप्तान असलेला माणूस कर्जरोख्यांची गणितं करतोय, करारांचे मसुदे वाचतोय, जिथे त्याची अजिंक्यपदं कुणाच्या कामाची नाहीत. १९९४ मध्ये त्यांनी हेस्टिंग्ज फंड्स मॅनेजमेंट ही स्वतःची कंपनी काढली, तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते.

आणि १९९४ हे साल योगायोगाने आलं नाही. दोन प्रवाह तेव्हा एकत्र येत होते.

पहिला निवृत्तिवेतनाचा. १९९२ पासून ऑस्ट्रेलियात प्रत्येक मालकावर कामगाराच्या पगाराच्या काही टक्के रक्कम त्याच्या निवृत्ती खात्यात भरायची सक्ती झाली. याला इथे सगळे ‘सुपर’ म्हणतात. तुमच्या नवऱ्याच्या पगारपत्रकावर ती ओळ असेलच. सुरुवात ३ टक्क्यांनी झाली, २००२ मध्ये ते ९ टक्के झाले, २०२५ च्या जुलैपासून १२ टक्के आहेत. पंचवीस वर्षांच्या मुलीचे पैसे तिच्या साठीपर्यंत अडकून राहणार. म्हणजे देशात अचानक असा पैसा साठायला लागला ज्याला उद्या परत जायची घाई नाही, पण पस्तीस वर्षं महागाईच्या वर राहायची गरज आहे.

दुसरा प्रवाह विक्रीचा. व्हिक्टोरियात जेफ केनेट यांच्या सरकारने सरकारी वीजमंडळाचे तुकडे करून १९९५ पासून ते विकायला काढले. केंद्राने १९९७ मध्ये मेलबर्न, ब्रिस्बेन आणि पर्थचे विमानतळ ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, पुढच्या ४९ वर्षांच्या पर्यायासह. एका बाजूला दीर्घ मुदतीचा पैसा, दुसऱ्या बाजूला दीर्घ मुदतीची मालमत्ता. मधे कुणीतरी हवं होतं ज्याला दोन्हीकडची भाषा कळते.

ही गोष्ट तेव्हा किती नवी होती याची आज कल्पना येत नाही. फंडांना शेअर कळत होते, रोखे कळत होते, शहरातल्या कचेऱ्यांच्या इमारती कळत होत्या. वीजवाहिनी हे काय प्रकरण? तिला बाजारभाव नाही, ती उद्या सकाळी विकता येत नाही, तिचं उत्पन्न नियामक ठरवतो. पण तिला स्पर्धक नाही, आणि लोक मंदीतही दिवे लावतात. हे समजावून देणारा माणूस इंजिनियर असला तर त्याला वाहिनीचं आयुष्य आणि दुरुस्तीचा खर्च कळतो. त्याने गुंतवणूक बँकेत काम केलेलं असलं तर त्याला कर्जाची रचना कळते. फिट्झपॅट्रिक यांच्याकडे दोन्ही होतं.

हेस्टिंग्जने १९९४ मध्येच वीज-पाण्यासारख्या सेवांसाठी युटिलिटीज ट्रस्ट सुरू केला. १९९७ मध्ये विमानतळांमध्ये पैसे घालणारा ऑस्ट्रेलियन इन्फ्रास्ट्रक्चर फंड शेअर बाजारात आणला. अशा कंपनीची कमाई कशी होते ते मुलाला आकड्यात सांगा. समजा शंभर कोटी डॉलर सांभाळायला मिळाले आणि वर्षाला पाऊण टक्का शुल्क ठरलं, तर पंचाहत्तर लाख डॉलर दरवर्षी येतात. हा माझा बनवलेला हिशेब आहे, हेस्टिंग्जचा नाही, पण धंद्याचा साचा हाच. मालमत्ता तुमची नसते, विश्वास तुमचा असतो. शुल्क घेणाऱ्याने खोटी किंमत दाखवली तर पहिल्या मोठ्या विक्रीत ते उघडं पडतं.

विमानतळाचं मूल्यांकन मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं होतं की पैसा विमानं उतरण्याच्या शुल्कात असेल. वरिष्ठांनी मला गाड्या लावायच्या जागेचा हिशेब स्वतंत्र काढायला लावला. दोन आठवडे मी वाहनतळ, दुकानांची भाडी आणि आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीवरची गोदामं यांतच होते. त्या दिवसापासून मी कुठल्याही विमानतळावर गेले की आधी वाहनतळ बघते. हे काम असंच आहे, बारीक, संथ, आणि वीस वर्षांनी फळ दाखवणारं. हेस्टिंग्जने १९९७ मध्ये बाजारात आणलेल्या त्या फंडाचे विमानतळातले हिस्से २०१३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या सरकारी फ्युचर फंडाने सुमारे दोनशे कोटी डॉलरना घेतले. फिट्झपॅट्रिक त्याआधीच बाहेर पडले होते. वेस्टपॅक बँकेने टप्प्याटप्प्याने हेस्टिंग्ज विकत घेतली, २००५ मध्ये पूर्ण मालकी बँकेकडे गेली. पुढे २००६ मध्ये ते रिओ टिंटो या खाणकंपनीच्या संचालक मंडळावर गेले.

नावाचा उपयोग झाला का? झाला, आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. कार्लटन हा मेलबर्नच्या पैसेवाल्या आणि सत्तेतल्या लोकांचा क्लब म्हणून ओळखला जायचा. रॉबर्ट मेन्झीज आणि माल्कम फ्रेझर हे दोन पंतप्रधान त्याचे चाहते. १९८३ पासून पुढची एकोणीस वर्षं जॉन एलियट हे बडे उद्योगपती क्लबाचे अध्यक्ष होते. दोन अजिंक्यपदं जिंकून देणाऱ्या कप्तानाचा फोन या शहरात कुणीही उचलतो. पण सुपर फंडाच्या विश्वस्तांसमोर पहिली पाच मिनिटं नावाची असतात. उरलेला तास तुम्ही केलेल्या हिशेबाचा असतो. मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते.

उलट बाजूही बघितली आहे. माझ्या एका जुन्या नोकरीत, कंपनीचं नाव घेत नाही, निवृत्त फूटीपटूला ‘ग्राहकसंबंध’ सांभाळायला घेतलं होतं. मनाने फार चांगला मुलगा. त्याला ग्राहकांबरोबर जेवायला पाठवायचे, सामन्यांना पाठवायचे. ताळेबंद वाचायला कुणी शिकवलं नाही. तो स्वतः माझ्याकडे येऊन बसायचा, रोखप्रवाहाचा तक्ता समजून घ्यायचा प्रयत्न करायचा, पण त्याच्या दिवसात त्यासाठी वेळच ठेवलेला नव्हता. तीन वर्षांनी नवे वरिष्ठ आले आणि त्याला निरोप दिला. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता आणि शिक्षण बारावीपर्यंत. आमच्या कंपनीने त्याचं नाव वापरलं आणि त्याला काहीच दिलं नाही. याचा मला आजही राग आहे. दारं उघडली होती हो त्याच्यासाठी. आत गेल्यावर बसायला खुर्ची नव्हती.

आता लीगच्या अध्यक्षपदाबद्दल. फिट्झपॅट्रिक २००३ मध्ये लीगचा कारभार पाहणाऱ्या एएफएल आयोगावर आले आणि २००७ ते २०१७ अध्यक्ष होते. त्यांच्या आधीचे अध्यक्ष रॉन इव्हान्स, तेही खेळाडूच : एसेंडनचे फॉरवर्ड, १९५९ आणि १९६० मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारे, नंतर स्पॉटलेस या सेवा कंपनीचे प्रमुख. फिट्झपॅट्रिक यांच्याबरोबर मुख्य कार्यकारी म्हणून काम करणारे अँड्र्यू डिमेट्रियू नॉर्थ मेलबर्नकडून खेळले होते आणि त्यांचा धंदा कृत्रिम दातांचा होता. म्हणजे खेळ आणि धंदा दोन्ही केलेली माणसं लीगच्या माथ्यावर बसायची ही इथली पद्धत. तुमच्या मुलाला त्यातलं ‘खेळ’ दिसतं. धंद्याची वीस वर्षं टीव्हीवर दिसत नाहीत.

त्या दहा वर्षांतलं एकच प्रकरण मी खोलात सांगते, कारण त्यात मला माझ्या व्यवसायाचा हात ओळखू येतो. मेलबर्नमधलं डॉकलँड्सचं स्टेडियम, आज ज्याला मार्व्हल म्हणतात, २००० मध्ये खासगी पैशातून उभं राहिलं. व्यवस्था आपल्या रस्त्यांसारखीच, ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’. २०२५ मध्ये ते नाममात्र किमतीला लीगकडे येणार होतं. तोवर मात्र तिथे घरचे सामने खेळणाऱ्या सेंट किल्डा, नॉर्थ मेलबर्न, वेस्टर्न बुलडॉग्ज यांसारख्या लहान क्लबांचे करार फार वाईट होते. प्रेक्षक येऊनही क्लबाच्या हाती फारसं लागत नसे. वरवर पाहिलं तर नऊ वर्षं थांबणं शहाणपणाचं, फुकट मिळणारी वस्तू विकत कशाला घ्यायची? २०१६ मध्ये लीगने ते सुमारे वीस कोटी डॉलर देऊन आधीच घेतलं.

मी तेव्हा कुतूहलापोटी घरी बसून हिशेब मांडला होता. किंमत इमारतीची नव्हतीच, कारण इमारत येणारच होती. किंमत होती मधल्या नऊ वर्षांच्या रोखप्रवाहाची, क्लबांचे करार आज बदलण्याच्या अधिकाराची, आणि तारण ठेवता येईल अशा मालमत्तेची. शेवटचा भाग मी तेव्हा जवळजवळ शून्य धरला होता. मग २०२० साली कोविडने मोसम थांबवला, उत्पन्न आटलं, आणि लीगने बँकांकडून पन्नास-साठ कोटी डॉलरच्या घरातलं कर्ज उभं केलं, ते हेच स्टेडियम तारण ठेवून. क्लब तगले. माझ्या तक्त्यातली ती शून्याची ओळ मी अजून जपून ठेवली आहे, नव्या मुलांना शिकवताना दाखवते.

प्रसारणहक्कांतही हीच दृष्टी होती. २०११ मध्ये पाच वर्षांसाठी सव्वाशे कोटी डॉलर, २०१५ मध्ये सहा वर्षांसाठी अडीचशे कोटी. लांब मुदतीचा, करारात बांधलेला पैसा. त्यावर गोल्ड कोस्ट २०११ मध्ये आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी २०१२ मध्ये, असे दोन नवे संघ उभे राहिले.

सगळंच चांगलं झालं असं नाही. एसेंडन क्लबात खेळाडूंना बंदी असलेलं औषध टोचल्याच्या प्रकरणात २०१६ च्या जानेवारीत ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी आली. ती मुलं क्लबाने नेमलेल्या माणसांवर विश्वास ठेवून बसली होती, आणि वर्षानुवर्षं प्रकरण चिघळत राहिलं. ॲडम गुड्ज या आदिवासी वंशाच्या महान खेळाडूची प्रेक्षकांनी मोसमभर हुर्यो उडवली, आणि लीग गप्प राहिली. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला, तेही निरोपाचा मान न घेता. पुढच्या वर्षी फिट्झपॅट्रिक यांनी जाहीरपणे मान्य केलं की लीगने फार उशीर केला, आणि त्याची माफी मागितली. माझ्या मते अध्यक्षपदाच्या काळातली ही सगळ्यात मोठी चूक होती. ताळेबंद वाचण्याच्या कौशल्याने ती टळली नसती. तुमचा मुलगा सावळ्या रंगाचा आहे, भारतीय नावाचा आहे. त्याने गुड्जचं प्रकरण नीट समजून घेऊनच या खेळात उतरावं असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडते. महिलांची लीग फिट्झपॅट्रिक यांच्या शेवटच्या महिन्यांत सुरू झाली. ३ फेब्रुवारी २०१७, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड, प्रिन्सेस पार्कवर, म्हणजे त्यांच्याच जुन्या घरच्या मैदानावर. २४,५६८ लोक आत गेल्यावर दरवाजे बंद करावे लागले. मी आणि माझी मुलगी बाहेर राहिलेल्यांत होतो, कुंपणाच्या फटीतून पाहिलं. त्या पहिल्या संघांतल्या बहुतेक मुली नोकऱ्या करून संध्याकाळी सरावाला येत होत्या. नर्स, शिक्षिका, अग्निशमन दलातल्या, विद्यार्थिनी. पैसे कमी मिळतात हे चुकीचंच आहे, त्यांना जास्त मिळायला हवेत. पण १९७५ च्या कार्लटनचं जगणं आज कुठे बघायला मिळेल, तर तिथे. तुमच्या मुलाला फिट्झपॅट्रिक यांची वाट समजून घ्यायची असेल तर त्याने अशा एखाद्या खेळाडूशी बोलावं. निवृत्त करोडपतीशी बोलून तितकं कळणार नाही.

आता तुमच्या घरचा प्रश्न. ड्राफ्टला विरोध करू नका. सतराव्या वर्षी ही संधी मोजक्या मुलांना मिळते, आणि ती हिरावून घेतली तर तो तुम्हाला आयुष्यभर विसरणार नाही. पण पहिला करार दोन-तीन वर्षांचाच असतो. कित्येक मुलं तो संपताच, एकविशीच्या आत, यादीतून वगळली जातात. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर त्यातलं एक वर्ष दवाखाना आणि जिममध्येच जातं. त्यामुळे तुलना करायचीच तर १५० सामने खेळलेल्या कप्तानाशी करू नका. वीस सामने खेळून घरी आलेल्या मुलाशी करा, आणि तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात काय होतं ते विचारा.

क्लबाची माणसं घरी भेटायला येतील. त्यांच्यात खेळाडूंच्या शिक्षणाकडे बघणारी व्यक्ती असते. तिला थेट विचारा की सध्याच्या यादीतली किती मुलं पदवीचा अभ्यास करताहेत आणि गेल्या पाच वर्षांत किती जणांनी तो पूर्ण केला. गुळमुळीत उत्तर आलं तर समजून घ्या. विद्यापीठांत अव्वल खेळाडूंना अभ्यासक्रम लांबवायची, वर्षाला दोन-तीन विषयच घ्यायची सोय असते. इंजिनियरिंग प्रयोगशाळेमुळे जड जाईल, वाणिज्य किंवा संगणक जमेल. तीन वर्षांची पदवी सात वर्षांत झाली तरी चालेल. विषय मुलाला आवडणारा असू द्या, कारण सरावाने थकलेलं शरीर नावडतं पुस्तक उघडत नाही.

पैशाचं म्हणाल तर, पहिल्या करारात गाडी घेऊ देऊ नका असं मी म्हणणार नाही, एक गाडी घेऊ द्या. पण एजंट, नातेवाईक किंवा संघातला मित्र ‘गुंतवणूक’ घेऊन आला तर आधी कागद मागा. हॉटेलात भागीदारी, ॲपमध्ये हिस्सा, गावाकडे प्लॉट, ही तीन आमिषं प्रत्येक तरुण खेळाडूकडे येतात. तसे कागद आले आणि समजले नाहीत तर मला पाठवा, मी वाचून सांगेन, काही घेणार नाही.

आणि सगळ्यात जवळची तारीख. व्हीसीईच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहेत आणि ड्राफ्ट त्यानंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस. म्हणजे निवड होवो न होवो, गणिताचा पेपर आधी येतो. प्रशिक्षकांशी आत्ताच बोलून परीक्षेच्या तीन आठवड्यांत सरावाचे दिवस कमी करून घ्या, ते बहुधा ऐकतात. त्याला म्हणावं, त्या गणितातला चक्रवाढ व्याजाचा धडा नीट कर. शंका असली तर रविवारी सकाळी फोन कर, त्या वेळी मी घरीच असते.